कल्हईचं कथील, इंजिनाचं बेअरिंग

कल्हईवाला पितळेचं पातेलं भट्टीवर चांगलं तापवतो, आत नवसागराची पूड भुरभुरवतो, पांढरा धूर नाकाडोळ्यांत जायच्या आत कथलाची कांडी तळाला टेकवतो आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवून घेतो. मिनिटभरात भांडं आतून चांदीसारखं लखलखतं. चिंच-कोकमाची आमटी आता खुशाल शिजवा, कळकणार नाही. नवसागरानं पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकलेला असतो आणि उघड्या पडलेल्या धातूवर कथील नुसतं बसत नाही, त्याच्याशी जुळतं. सीमेवर तांब्याचे सहा आणि कथलाचे पाच अणू या प्रमाणात एक नवं, कठीण संयुग तयार होतं. कल्हई टिकते ती या न दिसणाऱ्या सांध्यामुळे.

जवळजवळ याच क्रमानं हेच काम बेअरिंग दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्येही चालतं. साखर कारखान्यातल्या टर्बाइनचं बेअरिंग खराब झालं की त्याच्या अर्धगोल कवचातलं जुनं व्हाइट मेटल वितळवून काढतात, कवच घासूनपुसून त्याला फ्लक्स लावतात आणि आधी कथलाचा हात देतात. म्हणजे कल्हईच. मग वितळलेलं व्हाइट मेटल ओतायचं आणि लेथवर माप आणायचं. खरी कसोटी त्यानंतर लागते. शाफ्टवर प्रशियन ब्लूचा अगदी पुसट हात द्यायचा, बेअरिंग त्यावर ठेवून जरासं फिरवायचं आणि उचलायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा ठेवायचं, पुन्हा उचलायचं. निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत फिटर समाधान मानत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या साहेबानं घाई केली तर त्याच्याकडे लक्षही देत नाही.

व्हाइट मेटलच्या उत्तम प्रतीत शंभरात ऐंशी ते नव्वद भाग कथील असतं, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. साध्या सुरीनंही ओरखडा उठेल इतका हा मिश्रधातू मऊ. आणि त्याच्यावर टनावारी वजनाचा पोलादी रोटर मिनिटाला हजारो फेऱ्या मारत वर्षानुवर्षं फिरतो. पोलादाखाली कथील कशाला? पोलादाखाली पोलादच का नको? यंत्रयुगानं या प्रश्नाचं उत्तर आधी अनुभवानं शोधलं आणि त्याचं कारण शास्त्रज्ञांना पुष्कळ नंतर कळलं. घर्षणाच्या कारभारात कणखर धातू एकटा कधीच पुरत नाही. त्याच्या शेजारी वेळेला माघार घेणारा कुणीतरी लागतो, हे ते उत्तर.

घर्षणाचे नियम वरवर फार साधे आहेत. लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते, पण त्या वह्या कुणी वाचल्याच नाहीत. १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ग्वियोम आमोंतों यानं तेच पुन्हा मांडलं. वजन दुप्पट केलं की घर्षण दुप्पट होतं, हा पहिला नियम कुणालाही पटेल. दुसरा मात्र चमत्कारिक आहे. वीट आडवी ओढा किंवा उभी ठेवून ओढा, जोर तेवढाच लागतो. टेकलेलं क्षेत्रफळ कमी-जास्त झालं तरी घर्षणाला त्याचं सोयरसुतक नाही! अकादमीतल्या विद्वानांनाही हे लवकर पचलं नव्हतं. पुढे कूलोंबनं, तोच विद्युतभारांच्या नियमाचा कूलोंब, दोरखंड, लाकूड आणि धातूंवर कसून प्रयोग केले आणि १७८५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचं म्हणणं असं की पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात आणि सरकताना एकाला दुसऱ्याचे उंचवटे चढावे लागतात, त्याचा हा जोर. यातली खोट स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीनं १८०४ मध्ये दाखवली. चढताना खर्च झालेली शक्ती उतरताना परत मिळायला हवी. मग एवढी उष्णता येते कुठून?

समाधानकारक उत्तर यायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. फ्रँक फिलिप बाउडन हा टास्मानियात जन्मलेला शास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी डेव्हिड टेबर यांनी केंब्रिजमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेलबर्नमध्ये विमानांच्या बेअरिंगांवर काम करताना, हा गुंता सोडवला. त्यांनी दाखवलं की दोन पृष्ठभाग आपल्याला टेकलेले दिसतात तेवढे ते टेकलेले नसतातच. हिशेब कुणालाही करता येईल. एक किलो पोलादाचा ठोकळा घ्या, बाजू साधारण पाच सेंटिमीटर. तळाचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर. पण प्रत्यक्ष भार पेलतात ती उंचवट्यांची टोकं, आणि ती धातूच्या काठिण्याइतका दाब येईपर्यंत चेपत जातात. वजनाला काठिण्यानं भागलं की खरं टेकलेलं क्षेत्रफळ निघतं, आणि ते एका चौरस मिलिमीटरचा शंभरावा भागही भरत नाही. म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या काही दशलक्षांश. वजन दुप्पट केलं तर ही टोकं दुप्पट चेपतात, म्हणून घर्षण दुप्पट. वीट उभी की आडवी, वजन तेवढंच, म्हणून चेपलेली टोकंही तेवढीच. आमोंतोंचा दुसरा नियम अडीचशे वर्षांनी असा सुटला.

त्या इवल्याशा टोकांवर दाब इतका असतो की दोन धातू तिथे एकमेकांना चिकटतात, अक्षरशः जोडले जातात. सरकायचं तर हे जोड तोडायला हवेत. घर्षण म्हणजे बहुतांशी ही तोडणी. एकाच जातीचे स्वच्छ धातू एकमेकांवर घासले तर हे चिकटणं सर्वांत वाईट, कारण दोघांचे अणू एकमेकांना परके नसतात. पोलादावर पोलाद कोरडं घासलं की ओरखडे, उष्णता आणि शेवटी जाम, हे गॅरेजमधला पोऱ्याही सांगेल. उलट लोखंडात जे धातू सहसा विरघळत नाहीत, म्हणजे शिसं, चांदी, कथील, त्यांची लोखंडाशी सलगी कमी. सोयरीक जुळत नाही तिथे भांडणही होत नाही.

बाउडन आणि टेबर यांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढचाच आहे. घर्षण कमी व्हायला दोन गोष्टी हव्यात. टेकलेलं क्षेत्रफळ कमी हवं, म्हणजे धातू कठीण हवा. आणि जोड सहज तुटायला हवेत, म्हणजे धातू मऊ हवा. एकाच धातूत या दोन्ही गोष्टी कशा मिळणार? त्यांनी कठीण पोलादावर इंडियम या अतिशय मऊ धातूचा मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा थर दिला. भार खालच्या पोलादानं पेलला, तोडणी वरच्या इंडियममध्ये झाली आणि घर्षण धाडकन उतरलं. हे इंडियम दातांखाली खूण उमटेल इतकं मऊ असतं आणि १५७ अंशांना वितळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत पोलादाच्या कवचावर चांदी, चांदीवर शिसं आणि शिशावर इंडियम अशी थरावर थर दिलेली बेअरिंगं होती. इंडियमचा पहिला मोठा खप तिथे झाला. आज हाच धातू कथलाबरोबर ऑक्साइडच्या रूपात तुमच्या मोबाइलच्या काचेवर पारदर्शक, वीजवाहक थर होऊन बसला आहे. बोट लावलं की फोनला कळतं ते त्याच्या जोरावर.

व्हाइट मेटल मात्र या सिद्धान्ताच्या शंभर वर्षं आधीचं. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टनचा आयझॅक बॅबिट हा पेशानं सोनार. तो कथील, अँटिमनी आणि तांब्याच्या मिश्रधातूची ताटं-वाट्या आणि किटल्या बनवत असे; इंग्लंडमध्ये अशा भांड्यांची तेव्हा चलती होती. जेवणाच्या टेबलावरचा हा मिश्रधातू त्यानं यंत्राच्या आसाखाली नेला आणि १८३९ मध्ये पेटंट मिळवलं. गंमत म्हणजे पेटंटचा भर मिश्रधातूवर नव्हता, मऊ धातू जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या कडांच्या कवचावर होता. अमेरिकन काँग्रेसनं आरमारासाठी हे तंत्र वापरण्याच्या हक्कापोटी त्याला २० हजार डॉलर दिले. आजही जगभर या मिश्रधातूला बॅबिट म्हणतात.

बॅबिटचा तुकडा घासून, आम्लानं किंचित खाऊ देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मऊ कथलाच्या पार्श्वभूमीवर चौकोनी, कोपरेदार स्फटिक आणि लांब सुया विखुरलेल्या दिसतात. चौकोन कथील-अँटिमनीचे. सुया तांबं आणि कथलाच्या त्याच सहास पाच संयुगाच्या, जे कल्हईच्या भांड्यात सीमेवर तयार होतं. रव्याच्या मऊ लाडवात खडीसाखरेचे खडे असावेत तशी ही रचना. खडे झीज रोखतात, भोवतालचं मऊ कथील बाकीची कामं करतं. ती कामं कोणती हे कळायला तेलाकडे वळावं लागतं.

१८८० च्या दशकात लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं घर्षणावर प्रयोग करण्याचं काम बोशां टॉवर या इंजिनिअरकडे सोपवलं. प्रश्न रेल्वेच्या आसांचा होता. टॉवरनं चार इंच व्यासाचा आस तेलाच्या कुंडात अर्धवट बुडवला, वरून पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यानं एक भोक पाडलं. आस फिरू लागताच तेल भोकातून आत जायचं सोडून उसळून बाहेर यायला लागलं. त्यानं भोकात लाकडी खुंटी ठोकली. तेलानं ती ढकलून बाहेर काढली. मग त्यानं दाबमापक लावला, तर काटा दोनशे पौंडांच्या पुढे, जेव्हा बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला शंभर पौंडच होता! म्हणजे आस पितळेवर टेकलेलाच नव्हता. स्वतःच्या फिरण्यानं तेल पाचरीसारखं आत ओढून घेत तो त्या तेलावर तरंगत होता. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना करणारा प्रत्येक अभियंता त्याच समीकरणापासून सुरुवात करतो. या तेलाच्या पडद्याची जाडी बहुतेक वेळा केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते.

मग धातू टेकतच नसेल तर तो मऊ की कठीण, काय फरक पडतो? फरक पडतो तो सुरू करताना आणि थांबवताना. वेग नसला की तेलाची पाचर नाही, आणि त्या काही क्षणांत धातूवर धातू येतो. तेलातून वाळूचा कण आला तर कठीण बेअरिंगमध्ये तो अडकून शाफ्ट खरवडत राहतो. कथलात तो रुतून बसतो आणि विषय संपतो. शाफ्ट थोडा तिरका असेल तर मऊ धातू स्वतः दबून त्याच्याशी जुळवून घेतो. फिटरनं दिवसभर स्क्रेपर चालवून जे केलं तेच पुढे धातू स्वतः थोडंथोडं करत राहतो. आणि तेल अगदीच संपलं तर कथील २३२ अंशांना वितळतं, बॅबिट त्याच्या आसपास पाघळायला लागतं. बेअरिंग जातं, पण लाखो रुपयांचा शाफ्ट वाचतो. रेल्वेच्या डब्यांना रोलर बेअरिंग येण्यापूर्वी 'हॉट ॲक्सल' हा शब्द प्रत्येक स्टेशनमास्तरच्या तोंडी होता तो याच कारणानं. पेटीतलं तेल आटलं, आस तापला, मग धूर आणि मग डबा गाडीतून काढून ठेवणं.

मोटारीच्या इंजिनात दाब जास्त, तिथे नुसतं बॅबिट लवकर थकतं. म्हणून क्रँकशाफ्टच्या बेअरिंग शेलसाठी तांबं-शिसं आणि पुढे ॲल्युमिनियममध्ये शेकडा वीसपर्यंत कथील अशी मिश्रणं आली. ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या कढईचा आणि चहाच्या पातेल्याचा धातू. एकटा तो शाफ्टला चिकटतो आणि ओरखडतो, पण कथलाची मऊ बेटं त्यात पेरली की सुतासारखा सरळ चालतो. तांबं-शिशाची अडचण निराळी होती. तापून जुन्या झालेल्या तेलात आम्लं तयार होतात आणि ती शिसं खाऊन टाकतात. ते थांबवण्यासाठी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक रसायन घालायला लागले. शिसं वाचलंच, पण थोड्या काळानं लक्षात आलं की कॅम आणि टॅपेटची झीजही आश्चर्य वाटावं इतकी कमी झाली आहे. जिथे धातूला धातू घासून उष्णता होते नेमक्या तिथेच हे रसायन फुटतं आणि जस्ताच्या फॉस्फेटचा काचेसारखा थर बसवतं. जाडी मिलिमीटरच्या दहाहजारांश भागाइतकी. तो झिजला की तेलातून पुन्हा तयार. गोठ्यावरच्या पन्हळी पत्र्याला गंजापासून राखणारं जस्त ते हेच. पत्र्यावर ते लोखंडाच्या आधी स्वतः गंजतं, इथे लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं.

गेली ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक इंजिन ऑइलमध्ये हे रसायन आहे. त्याला तोडीस तोड पर्याय अजून सापडलेला नाही, आणि सापडायची गरज मात्र वाढली आहे. सायलेन्सरच्या आधी धूर शुद्ध करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. तेल जळून त्यातला फॉस्फरस तिथे पोचला की या धातूंवर त्याचा लेप बसतो आणि ते निकामी होतात. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलात फॉस्फरसला शेकडा ०.०८ ची कमाल मर्यादा घातली, आणि ०.०६ ही किमान मर्यादाही ठेवली, कारण त्याच्या खाली इंजिन झिजतं. इंजिन वाचवायचं की हवा, या ओढाताणीत एवढीशी जागा उरते.

याहून जुनी आणि दुःखद ओढाताण शिशाची. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत ते इंजिन ठोकू नये म्हणून. पण जळल्यावर उरणारी शिशाची संयुगं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर देत आणि व्हॉल्व्ह आपटून बैठक झिजू देत नसत. हा फायदा आयता मिळत होता. त्याची किंमत लहान मुलांच्या मेंदूनं मोजली, कारण धुरातलं शिसं श्वासावाटे रक्तात जातं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि व्हॉल्व्हच्या बैठका अधिक कठीण धातूच्या कराव्या लागल्या. युरोपीय संघानंही २००० सालच्या निर्देशानं गाड्यांच्या भागांतून शिसं काढायला सुरुवात केली. बेअरिंगमध्ये त्याच्या जागी आता काही ठिकाणी बिस्मथ वापरतात, तोच बिस्मथ जो पोटाच्या काही औषधांत असतो. शिसं वंगण म्हणून उत्तम होतं, यात वाद नाही. तरीही ते गेलं हे बरं झालं.

आता ग्रीस. बैलगाडीच्या आसाला घालायचं वंगण गावोगाव घरीच तयार होई, एरंडेल हा त्यातला नेहमीचा घटक. एरंडेल घट्ट, धातूला धरून राहणारं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांतही तेच वापरत, आणि कॅस्ट्रॉल या नावातला पूर्वार्ध एरंडाचाच आहे. ग्रीस म्हणजे मूलतः तेल आणि साबण. साबणाचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतून तेल धरून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. चुन्यातल्या कॅल्शियमचा साबण घातला तर ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आतच पातळ होतं. सोडियमचा साबण, म्हणजे आपल्या अंगाच्या साबणाचाच भाऊबंद, घातला तर उष्णता सोसतो पण पाण्यात धुऊन जातो. त्यामुळे चाकाला एक ग्रीस, पंपाला दुसरं, इंजिनाला तिसरं असा कारभार असे. १९४२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यानं लिथियमच्या साबणाच्या ग्रीसचं पेटंट घेतलं. हे पाण्यात टिकतं आणि १८० अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही. आज जगातल्या निम्म्याहून अधिक ग्रीसमध्ये लिथियमच आहे. दुकानात 'मल्टिपर्पज' लिहिलेला पिवळसर किंवा तपकिरी डबा बहुधा त्याचाच.

या लिथियम साबणासाठी लागणारं आम्ल बनतं एरंडेल तेलापासून. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि भारतात गुजरात पहिला. म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकात भरलेल्या ग्रीसमध्ये आजही बैलगाडीचं एरंडेल आहे, फक्त वेश बदलून. लिथियमला मात्र आता बॅटरीवाल्यांनी पळवलंय. विजेच्या गाड्यांनी मागणी वाढवली तसे त्याचे भाव भडकले आणि ग्रीसवाले पुन्हा कॅल्शियमकडे वळू लागले आहेत, अर्थात नव्या, सुधारलेल्या रूपात. एक सूचना इथेच देतो. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकमेकांत मिसळू नका; कित्येकदा दोन्ही पातळ होऊन बेअरिंगमधून गळून जातात. जुनं पुसून काढा, मग नवं भरा.

तेल आणि ग्रीस दोन्ही जिथे चालत नाहीत अशीही ठिकाणं आहेत. अंतराळात तेल उडून जातं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट जमिनीवर उत्तम वंगण आहे, पण ते हवेतल्या बाष्पाच्या आधारावर निसरडं असतं. दुसऱ्या महायुद्धात विमानं उंचावर, कोरड्या हवेत गेली की जनित्रांचे कार्बन ब्रश पाहता पाहता झिजून पूड होत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड मात्र निर्वातात अधिकच चांगलं चालतं. त्याच्या रेणूचे सपाट थर एकमेकांवरून सहज सरकतात. मॉलिब्डेनम घरात दिसत नाही, पण स्टेनलेस स्टीलच्या वरच्या प्रतीत गंजाला तोंड देतो तो हाच.

या कोरड्या लेपाची किंमत नासाला १९९१ मध्ये कळली. गॅलिलिओ यान गुरूकडे निघालं होतं आणि त्याची छत्रीसारखी मिटलेली मोठी ॲंटेना एप्रिलमध्ये उघडायची होती. मोटरी चालल्या, छत्री अर्धवट उघडून अडकली. चौकशीत ठपका आला तो काड्यांच्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर. त्यांच्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा लेप होता. चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघातानंतर गॅलिलिओचं उड्डाण लांबलं, आणि ॲंटेना ट्रकमधून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यात ये-जा करत राहिली. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी लेप झिजला. उघडं टायटॅनियम खोबणीत चिकटलं. अब्जावधी रुपयांचं यान पृथ्वीवरच्या रस्त्यांनी अर्धं मुकं केलं! अभियंत्यांनी लहान ॲंटेनावरून, माहिती दाबून-दाबून पाठवत मोहीम वाचवली, हे त्यांचं कौतुक.

टायटॅनियमचा हा स्वभाव ज्यांच्या घरात खुब्याचा सांधा बदललेला आहे त्यांनाही लागू पडतो. मांडीच्या हाडात रोवलेली दांडी बहुधा टायटॅनियमची असते, कारण हाड त्याला छान धरतं. पण वरचा फिरता गोळा कधी टायटॅनियमचा नसतो, तो कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा, आणि समोरची वाटी बहुतेकदा पॉलिथिलीनची. कठीणासमोर मऊ. जॉन चार्न्ली या ब्रिटिश शल्यविशारदानं आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती भराभर झिजली, आणि १९६२ पासून पॉलिथिलीन आलं.

या साऱ्या खटाटोपाला पैसा का घालायचा, असं विचारणाऱ्यांना ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं १९६६ मध्ये आकडा दिला होता: घर्षण आणि झीज नीट हाताळली तर त्या देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. अलीकडे, २०१७ मध्ये, होल्मबर्ग आणि एर्देमिर यांनी जगाचा हिशेब मांडला. एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के घर्षण आणि झिजेपायी जाते. त्यातले वीस टक्के निव्वळ घर्षणावर मात करण्यात, उरलेले तीन झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात मोटारगाडीच्या इंधनातला तिसरा हिस्सा घर्षणात गेलेला दिसतो. अशा अंदाजांत इकडंतिकडं होणारच, पण निम्मा आकडा धरला तरी रक्कम छाती दडपणारी आहे.

झिजलेला धातू जातो कुठे? तेलात. १९४० च्या दशकापासून अमेरिकन रेल्वेंनी डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल जाळून त्याच्या ज्योतीचा वर्णपट पाहायला सुरुवात केली. लोखंड वाढलं तर लायनर झिजतोय, क्रोमियम वाढलं तर पिस्टन रिंग, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. इंजिन न उघडता. दहा लाखांत काही भाग एवढी धातूची मात्रा सगळं सांगून जाते. आज एसटीपासून जहाजापर्यंत कुठल्याही मोठ्या ताफ्याला ही तपासणी करून घेता येते, आणि ती बेअरिंगच्या किमतीपुढे फुकटच आहे.

ज्या तेलात हे सगळे धातू उतरतात ते आपल्याकडे मात्र 'काळं ऑइल' म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून चौकटींना चोपडतात, नाहीतर सरळ गटारात ओततात. त्यात जस्त आहे, जुन्या इंजिनांचं शिसं आहे, शिवाय अर्धवट जळालेल्या इंधनातली कर्करोगकारक संयुगं आहेत. शुद्ध करून त्याचं पुन्हा चांगलं वंगण तेल बनतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून भारतात तेल विकणाऱ्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारीही आहे. नियम आहेत, पण तेल गॅरेजमधून पुढे कुणाकडे जातं ते पाहणारं गिऱ्हाईकच नसेल तर ते कागदावरच राहतात. पुढच्या वेळी ऑइल बदलताना मेकॅनिकला एवढंच विचारा की काढलेलं ऑइल कुणाकडे देतोस. नोंदणीकृत शुद्धीकरणवाल्याचं नाव सांगता आलं नाही, तर गॅरेज बदला.